कानाहून कान जाड

आमच्या लहानपणी घरात कान पिळण्याचा अधिकार एकट्या वडिलांना होता. मुलांचेही कान आणि रेडिओचेही कान. मुलांच्या कानांना ते सहसा हात लावीत नसत. रेडिओच्या कानांना मात्र दिवसातून चार वेळा तरी लावीत. आजोबांच्या वेळचा तो व्हॉल्व्हचा रेडिओ. त्याच्या तोंडावर दोन गोल बटणे होती. त्यांना 'नॉब' म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळले. "अगं, जरा कान पिळ त्याचा, बातम्या लागल्या," असेच आमच्याकडे म्हणत. डावा कान पिळला की आधी 'टक्' होई, आतला दिवा उजळे आणि मग आवाज हळूहळू चढत जाई. शेवटाला पोचला की कान अडे. पुढे जातच नसे. उजवा कान पिळला की काचेमागची तांबडी सुई सरके आणि मागच्या दोऱ्याचा हलकासा ताण बोटांना जाणवे. रात्री दिवा न लावतासुद्धा वडील पाहिजे ते केंद्र बरोबर लावीत.

हे रेडिओपुराण लावण्याचे कारण असे, की गेल्या वर्षभरात मला कान या विषयाचा नव्याने अभ्यास करावा लागला. मी कॉलेजात मराठी शिकवते. माझा संबंध काय तो कानामात्रांशी. पण घरात एक प्रसंग असा घडला, की पडद्यावर काढलेल्या कानांचे शास्त्र मला समजून घ्यावे लागले. वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात आज असे दहा-वीस कान असतील, तेव्हा ही हकीकत अगदीच परकी वाटणार नाही.

माझी आई गाण्याची शिक्षिका. मोठी गवई नव्हे. पण आमच्या पेठेतल्या दोन पिढ्यांना 'सा' कुठे असतो ते तिने दाखवून दिले. आज ती ७८ वर्षांची आहे. पहाटे उठून तासभर तंबोऱ्याबरोबर रियाज करायचा, हा तिचा पन्नास वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी संधिवाताने तिची बोटे धरली आणि हा नेम मोडला. तंबोऱ्याची खुंटी नुसती फिरवून भागत नाही. ती आत दाबत फिरवावी लागते, नाहीतर तार उतरते. ते दाबणेच तिला जमेना. मिरजेहून आणलेला तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा राहिला. शेजारची एखादी विद्यार्थिनी येऊन लावून देई. पण आईचे समाधान होत नसे. "दुसऱ्यानं लावलेल्या तंबोऱ्यावर गाणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातनं वाचणं," असे ती म्हणे.

माझ्या ताईचा मुलगा संगणकाचा इंजिनिअर. ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्या एका कंपनीत तो काम करतो. त्याने आजीसाठी एक बेत केला. तंबोऱ्याचा आवाज काढणारी यंत्रे आणि मोबाइलवरचे प्रोग्रॅम बाजारात काही कमी नाहीत. पण याने आजीच्याच तंबोऱ्याची एकेक तार छेडून तिचे ध्वनिमुद्रण केले, आणि सुट्टीच्या दिवशी बसून टॅब्लेटवर चालणारा एक तंबोरा तयार केला. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला त्याने तो मोठ्या ऐटीत आजीपुढे ठेवला. पडद्यावर शिसवी लाकूड, त्यावर चकाकणारी पितळी बटणे, बटणांची सावलीसुद्धा काढलेली. आम्ही सगळ्यांनी वाहवा केली.

आईने हेडफोन लावला आणि पट्टी ठरवायला पहिल्या पितळी बटणाला हात घातला. खरे बटण धरावे तसे तिने ते अंगठा आणि दोन बोटांनी धरले. पडद्याला वाटले, हिला चित्र मोठे करून पाहायचे आहे; चित्र एकदम अंगावर आले. मग तिने एका बोटाने गोल गोल फिरवून पाहिले. बटण फिरू लागले, चढत चढत टोकाला गेले, आणि बोट तसूभर पुढे सरकताच एकदम तळाशी येऊन पडले. शेवटी आवाज थोडा कमी करावा म्हणून तिने बाजूच्या सरकत्या पट्टीला हात लावला. बोट पडले पट्टीच्या वरच्या टोकाला, आणि आवाजाने तिथेच उडी मारली! आईने हेडफोन ओरबाडून काढला. दोन दिवस तिच्या कानाला दडा बसला होता.

ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "माझंच चुकलं. मला आता हे जमायचं नाही." दुसऱ्या दिवशी तो टॅब्लेट मला कपाटात, जुन्या वर्तमानपत्रांखाली पालथा ठेवलेला सापडला. आणि पहाटेचा रियाज, जो निदान तंबोऱ्यावाचून गुणगुणण्यापुरता चालू होता, तोही बंद पडला.

मी भाच्याला फैलावर घेतले. तो बिचारा म्हणाला, "मावशी, आमच्या धंद्यात सगळीकडे असलीच बटणं असतात गं." आणि त्याने मला आपल्या संगणकावर एक प्रोग्रॅम उघडून दाखवला. रावणाला झाले तरी वीसच कान. त्या एका पडद्यावर मी साठ मोजले. "पण मुळात बटणाचं चित्रच कशाला काढायचं?" मी विचारले. त्यावर त्याने जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते.

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत पूर्वी खरोखरीचे मोठे मेज असे. प्रत्येक आवाजासाठी बटणांची एक उभी रांग. प्रारंभी आवाज लहानमोठा करण्यासाठीही गोल बटणेच असत. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये टॉम डाउड नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांनी १९५० च्या दशकात आपल्या मेजावर गोल बटणांऐवजी सरकती बटणे बसवली. कारण साधे होते. गोल बटण धरायला तीन बोटे लागतात, म्हणजे दोन हातांत फार तर दोन बटणे. सरकत्या बटणाला एक बोट पुरते. दहा बोटांत दहा आवाज खेळवता येतात, पेटीच्या पट्ट्यांवर बोटे खेळावीत तसे. हाताचा विचार करून बटणाचा आकार ठरला.

पुढे संगणक आला. १९९६ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी नावाची योजना काढली. स्टुडिओतली जड यंत्रे प्रोग्रॅमच्या रूपाने संगणकात राहायला येऊ लागली आणि येताना आपापले चेहरे घेऊन आली. यात मूर्खपणा नव्हता. ज्याचा जन्म मेजावर गेला, त्याला ओळखीचे बटण दिसले की पुढचे विचारावे लागत नाही. शिवाय गोल बटण जागा फार थोडी खाते. टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत मावते. सरकत्या पट्टीला लांबी लागते. पण दहा पट्ट्या शेजारी शेजारी असल्या की कोणता आवाज वर आणि कोणता खाली, हे एका नजरेत कळते. म्हणून जे सारखे पाहायचे आणि हलवायचे त्याला पट्टी, आणि एकदा लावून विसरायचे त्याला गोल बटण, असा साधारण रिवाज पडला.

"सगळं खरं," मी म्हटले, "पण चित्र आलं, त्याच्याबरोबर बटण आलं का?"

माझ्या मनात आईने सांगितलेली एक आठवण होती. तरुणपणी ती आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गायला जात असे. काचेपलीकडे बसलेले ध्वनिमुद्रक तिच्या तोंडाकडे पाहत. ती तान घेणार असे दिसले की त्यांचा हात बटणावर किंचित फिरे. त्यांनी बटणाकडे पाहिलेले आईला आठवत नाही. बटण किती फिरले, टोक किती दूर आहे, हे बोटच त्यांना सांगत असे. चित्रातल्या बटणाला ताण नाही, 'टक्' नाही, अटकाव नाही. ते गुळगुळीत काचेवरचे रंग आहेत. हाताला जे फुकट मिळत होते ते सगळे काढून घ्यायचे आणि वर पितळेची चकाकी तेवढी ठेवायची, हा मला हिशेबातला घोटाळा वाटला.

अशा घोटाळ्यांत मोठमोठेही सापडले आहेत. १९९९ साली ॲपलच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये आवाजासाठी एक दातेरी चाक काढले होते. खिशातल्या ट्रान्झिस्टरच्या कडेला असते तसे. खऱ्या ट्रान्झिस्टरवर अंगठ्याने ते झटकन फिरते. पडद्यावर मात्र माउसने पकडायचे, थोडे ओढायचे, सोडायचे, पुन्हा पकडायचे! जाणकारांनी त्यावर टीकेची झोड उठवली. पुढे ते चाक जाऊन साधी सरकती पट्टी आली.

यानंतर भाच्याने माझी शिकवणीच घेतली. गोल बटण गोल फिरवायचे, हे ऐकायला रास्त वाटते. पण माउसने किंवा बोटाने लहानशा वर्तुळावर फिरणे अवघड. मध्याजवळ बोट गेले तर केसभर हालचालीने बटण अर्धे फिरते. शिवाय ही बटणे घड्याळातल्या ७ वर सुरू होऊन ५ वर संपतात. खऱ्या बटणाला तिथे अटकाव असतो. चित्रात तो प्रोग्रॅम लिहिणाराने मुद्दाम घालावा लागतो. नाही घातला तर पाचवरून पुढे गेलेले बोट थेट सातवर, म्हणजे टोकावरून तळाला! आईच्या पट्टीचे नेमके हेच झाले होते. म्हणून पुष्कळ प्रोग्रॅममध्ये बटण दिसते गोल, पण ते हलते बोट सरळ वर किंवा खाली ओढले की. एकदा कळले की हे सोपे असते. आणि बटण दोन सेंटिमीटरचे असले तरी बोटाला ओढायला हातभर पडदा मिळतो, त्यामुळे बारकावा साधतो.

"पण आजीला ते कळणार कसं?" मी म्हटले. "तुझं चित्र म्हणतं, मला फिरव. तुझा प्रोग्रॅम म्हणतो, मला ओढ. आणि घोटाळा झाला की आजी म्हणते, माझंच चुकलं."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "डोनाल्ड नॉर्मन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. रोजच्या वापरातल्या वस्तूंवर त्यांनी १९८८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात हेच आहे. वस्तूची आखणी वाईट असली तरी माणसं दोष स्वतःला देतात. ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे, मावशी."

पुस्तके टेबलावर असणे आणि डोक्यात असणे यांतला फरक मी गेली वीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. तेव्हा मी अधिक काही बोलले नाही.

कानाचा हिशेबही मला त्याच बैठकीत कळला. माणसाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे आवाज ऐकू येतात. समजा, यासाठी दहा सेंटिमीटर लांबीची एक पट्टी केली आणि आकडे सारख्या अंतराने वाटले. मग एकेका मिलिमीटरात २०० हर्ट्झ येतील. आईचा 'सा' आता काळी चार, म्हणजे २०८ हर्ट्झच्या आसपास. तिचा 'सा', तंबोऱ्याचा खर्ज आणि मंद्र पंचम, सगळे पहिल्या एका मिलिमीटरात दाटीवाटीने बसले; आणि पट्टीचा वरचा अख्खा अर्धा भाग १०,००० च्या पुढच्या सप्तकाला गेला, ज्यातले पुष्कळसे म्हाताऱ्या कानांना ऐकूही येत नाही!

याचे कारण कान बेरजेने ऐकत नाही, गुणाकाराने ऐकतो. मध्य 'सा'ची दुप्पट म्हणजे तार 'सा', त्याची दुप्पट म्हणजे त्याच्यावरचा. २० ची दहा वेळा दुप्पट केली की २०,००० च्या थोडे पुढे जातो. म्हणजे दहा सप्तके, दहा सेंटिमीटर. प्रत्येक सप्तकाला एक सेंटिमीटर द्यायचा. अशा पट्टीच्या मध्यावर १०,००० येत नाही, ६३२ येतो, आणि कानाला तोच मध्य वाटतो. आवाजाच्या मोठेपणाचेही तसेच. गुस्ताफ फेखनर या जर्मन विद्वानाने १८६० मध्ये मांडले, की बाहेरचे कारण पटींनी वाढते तेव्हा आतली जाणीव पायरीपायरीने वाढते. डेसिबलचे माप याच चालीचे. साधारण १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट मोठा वाटतो. म्हणून स्टुडिओतल्या सरकत्या बटणाच्या खुणा सारख्या अंतरावर नसतात. शून्याची खूण बरीच वर असते, तिच्या आसपासच्या थोड्याशा डेसिबलांना ऐसपैस जागा असते आणि खालच्या अंधारातले डेसिबल दाटीने कोंबलेले असतात. जिथे काम जास्त, तिथे जागा जास्त. स्वयंपाकघराची मांडणी करणाऱ्या कोणत्याही बाईला हे सांगावे लागणार नाही.

आता हरिदासाची कथा मूळपदावर आणते. एका रविवारी भाचा घरी आला. हातात टॅब्लेट नव्हता, वही-पेन्सिल होती. "आजी, मला तंबोरा लावायला शिकव," म्हणाला. आईने थोडे आढेवेढे घेतले, पण गवसणी निघाली. खुंटी याने दाबायची, कान तिने द्यायचा. हा खुंटी फिरवी. तार कधी गावाच्या अलीकडे, कधी वेशीपलीकडे. आई हसून म्हणाली, "अरे बाळा, खुंटीनं गाव गाठायचं, मण्यानं घर. सगळं खुंटीनं करायला जाऊ नकोस." आणि तिने घोडीखालचा मणी आपल्या वाकड्या बोटाने तिळभर सरकवला. तार जागेवर आली. मण्याला जोर लागत नाही. तो तिला अजून सरकवता येत होता.

भाच्याने वहीत लिहिले. आमच्या तंबोरे करणाऱ्या कारागिरांनी जाड काम आणि बारीक काम यांना दोन वेगळे अवयव कधीच देऊन ठेवले होते. सॉफ्टवेअरवाल्यांनाही ते माहीत आहे. संगणकावर पुष्कळ ठिकाणी शिफ्टची कळ दाबून बटण ओढले की ते सावकाश हलते. पण टॅब्लेटला शिफ्ट कुठली? आणि असली तरी संधिवाताच्या हाताने दोन कामे एकदम करायची कशी? याने खुंटीचे चित्र ठेवले होते आणि मणी विसरला होता.

दुसरी गोष्टही त्याने लिहून घेतली. तार जुळत आली की आईचे डोळे आपोआप मिटतात. "तार लावताना तंबोऱ्याकडं कोण बघतं?" ती म्हणाली. पितळेची चकाकी काढायला त्याने दोन आठवडे घालवले होते, आणि ती पाहायला गिऱ्हाइकाचे डोळे उघडेच नव्हते!

मला वाटले, आपणही या कामाला हातभार लावावा. बटणांवरची नावे इंग्रजीत होती. मी त्याला सुंदर मराठी प्रतिशब्द करून दिले: 'ध्वनिप्रबलता', 'स्वरोच्चता-नियामक', 'आवर्तनगती'. एम.ए.ला भाषाशास्त्र घेतल्याचे चीज झाले असे वाटले. आईने ती यादी चष्मा लावून वाचली आणि विचारले, "हे बटण फिरवल्यावर काय होतं?"

"आवाज मोठा होतो."

"मग 'आवाज' लिही की. आणि हे?"

"त्यानं 'सा' बदलतो."

"त्याला पट्टी म्हणतात. ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक होते. शब्द घरातच होते. मी ते कोशात शोधायला गेले होते. पट्टी, आवाज, गती, जवारी, आणि खुंटी नि मणी. शेवटी हीच नावे राहिली. बटणाचे नाव हे त्याच्या कामाचे नाव असावे; ते ठेवणाऱ्याच्या विद्वत्तेचे नसावे.

पावसाळा संपेपर्यंत नवा तंबोरा तयार झाला. पितळ गेले, सावल्या गेल्या. पांढऱ्यावर काळी मोठी बटणे आली, आणि बटण किती फिरले ते दाखवणारी जाड रेघ भोवती आली. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवून दिले होते, की लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. अँड्रॉइडवाले तर बोट ठेवायच्या जागेला सुमारे ९ मिलिमीटर लांबी-रुंदी सुचवतात. याने आजीसाठी त्याच्या दुप्पट दिली. बोट ठेवले म्हणून आता काहीच हलत नाही. आधी होते तिथूनच, बोट जितके सरकेल तितकेच ते सरकते. उडी बंद. वर ओढा, आडवे ओढा, नाहीतर गोल फिरवा, तिन्ही चालते. पण टोकाला गेले की बटण अडते आणि टॅब्लेट बारीकसा 'टक्' करतो. बोटाखाली आकडा झाकला जातो म्हणून तो बोटाच्या वर उमटतो. घोटाळा झालाच तर दोनदा टिचकी मारायची, की बटण आपल्या मूळ जागी. आवाज पायरीपायरीने बदलला तर कपड्याची झिप ओढल्यासारखी खरखर येते, त्याला या लोकांत 'झिपर नॉइज' असेच म्हणतात. तीही त्याने मधल्या पायऱ्या घासून घालवली. आणि डोळे मिटून काम करणारांसाठी बटण स्वतःचे नाव आणि जागा बोलून दाखवते: "आवाज, चाळीस." अंध गवयांना असल्या पडद्यांवर काय सोसावे लागत असेल याचा विचार तोवर माझ्याही मनात आला नव्हता. नुसत्या चित्राला वाचा नसते. ती लिहिणाराने द्यावी लागते.

आईने टॅब्लेट मांडीवर घेतला. कानाला हेडफोन नको म्हणाली, स्पीकर लावला. खुंटीने पट्टी काळी चारवर आणली. मण्यावर बोट ठेवून डोळे मिटले. आम्ही दोघे श्वास रोधून बसलो. बराच वेळ मणी मागे-पुढे होत राहिला. मग ती म्हणाली, "पंचम जरा उतरलाय."

"नाही आजी, पंचम हिशेबानं बरोबर आहे."

"लाटा येताहेत बघ. मणी सरकवला की चढतो. परत आणला की उतरतो. मधे थांबतच नाही तो."

भाचा वही उघडून आकडेमोड करू लागला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सप्तकाचे १,२०० बारीक भाग करतात, त्यांना सेंट म्हणतात. अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने ते माप एकोणिसाव्या शतकात रूढ केले. याने पंचम पियानोच्या हिशेबाने ७०० सेंटांवर ठेवला होता. तंबोऱ्याचा शुद्ध पंचम ७०२ वर असतो. अवघ्या दोन सेंटांचा फरक. पण तंबोऱ्यासारख्या अखंड नादात तो लाटेसारखा हेलकावतो. आणि याचा मणी एका पायरीला पाच सेंट सरकत होता! ७०० नाहीतर ७०५. आजीचे घर मधल्या गल्लीत राहिले.

"पाच सेंटांच्या आतलं कुणाला कळतंय, असं मी धरून चाललो," तो म्हणाला.

आई शांतपणे म्हणाली, "तुझ्या बटणाचा कान माझ्या कानाहून जाड आहे."

मला वाटते, बटणे करणाऱ्या सगळ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावे. हाताला ते जमले पाहिजे, डोळ्यांना दिसले पाहिजे, नावाने कळले पाहिजे. आणि एवढे सगळे साधल्यावर, ज्याच्यासाठी केले त्याच्या कानाहून ते जाड असता कामा नये. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून कुणालाच येत नाही, असे धरून चालणारा माणूस बटणेच काय, दुसरेही पुष्कळ काही बिघडवून ठेवतो. परीक्षेचे पेपर तपासताना मलाही हे वाक्य हल्ली आठवते.

त्याच रात्री बसून त्याने मण्याची पायरी एका सेंटाची केली.

परवा पहाटे मला पाच वाजताच जाग आली. स्वयंपाकघरात जाताना आईच्या खोलीतून तंबोरा ऐकू आला. लाटा लांबत लांबत गेल्या आणि थांबल्या. नाद सरळ झाला. मग तिने 'सा' लावला. दार नुसते लोटलेले होते. आत दिवा लावलेला नव्हता.